बर्फ काढणं सोपं, टाकायचा कुठे?

डिचोलीच्या एका तरुणाने विचारलं आहे: "काका, मी खाणीवर व्हील लोडर आणि डोझर चालवला. २०१८ साली काम गेलं, तेव्हापासून टिपरवर आहे. आता कॅनडात ओंटारिओला रस्त्यांच्या एका कंत्राटदाराकडे हिवाळ्यात बर्फ काढायचं काम मिळतंय. तिकडे मीठ टाकून रस्ता मोकळा करतात म्हणे. मग आपल्या लष्कराला झोजिलावर महिना-महिना का लागतो? सगळीकडे एकच चांगली पद्धत का वापरत नाहीत? आणि खाणीवरचा अनुभव तिथे चालेल का?"

मी वाळपईचा. सीमा सडक संघटनेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी झोजिला, खारदुंग ला आणि मनाली-लेह रस्त्यावर. आधी डोझरवर बसणारा, नंतर डोझरवाल्यांच्या मागे उभा राहून ओरडणारा. निवृत्तीनंतर काही हिवाळे बर्फाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीसाठी ऑपरेटरांना शिकवत फिरलो, त्यामुळे कॅनडा, नॉर्वे आणि जपानचे रस्ते जवळून पाहिले. मॉस्को आणि आइसलँड पाहिलेलं नाही. तिथलं सांगेन ते धंद्यातल्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं.

आधी एक दुरुस्ती. झोजिला, म्हणजे काश्मीरहून लडाखला जाणारा घाट, उघडतं ते लष्कर नव्हे, सीमा सडक संघटना. ७ मे १९६० ला ती स्थापन झाली. सोनमर्गच्या बाजूने प्रोजेक्ट बीकनची माणसं चढतात, द्रासच्या बाजूने प्रोजेक्ट विजयकची, आणि मध्ये कुठेतरी दोन डोझर समोरासमोर येतात. महिना लागतो ही तुझी तक्रार वाचून मला हसूच आलं. आमच्या उमेदीत हा घाट डिसेंबरच्या आसपास मिटायचा तो एप्रिल-मे उजाडेपर्यंत. २०२३ साली तो ६८ दिवसांत उघडला तेव्हा आम्ही जुन्या लोकांनी एकमेकांना फोन केले होते. २०२५ साली तर ३२ दिवसांत, १ एप्रिलला गाड्या सुटल्या.

आता मुद्द्याचं, आणि ते तुझ्याच खाणीतून सांगतो. एक टन खनिज हाताला लागायला दोन-अडीच टन माती आधी उपसावी लागते, बरोबर? ती माती खणण्यात कुणाची झोप उडाली नाही. झोप उडाली ती ती टाकायची कुठे यात. सत्तरी-डिचोलीत आज जे डंपचे डोंगर दिसतात आणि पावसात ज्यांची माती खालच्या शेतात उतरते, तो सगळा त्या एका प्रश्नाचा पसारा. बर्फाचं अगदी तसंच आहे. यंत्रं सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखी. देशोदेशीच्या पद्धती वेगळ्या झाल्या त्या दोन गोष्टींमुळे: तिथला बर्फ किती थंड आणि किती जड आहे, आणि काढलेला बर्फ ठेवायला जागा कुठे आहे.

जड म्हणजे किती ते बघ. नुकता पडलेला कोरडा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो, घनमीटरला ५० ते १०० किलो. चार दिवस बसला, वाऱ्याने दाबला गेला की २०० ते ३००. आणि डोंगरावरून हिमस्खलन होऊन रस्त्यावर येऊन थिजला की ५०० च्या पुढे. त्यात दगड असतात, देवदाराचे ओंडके असतात, एकदा आख्खा विजेचा खांब निघाला होता. "बर्फ" या एका शब्दात आपण हे सगळं कोंबतो, कारण आपल्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला.

मिठाची गंमत तुला लहानपणापासून माहीत आहे. पॉटचं आइस्क्रीम करताना बाहेरच्या बर्फात जाडं मीठ घालतो, बर्फ पाझरायला लागतो आणि आतलं आंब्याचं दूध गोठतं. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढतं, दुसरं काही नाही. पण किती खाली? आपलं खायचं मीठ पाण्यात २३ टक्क्यांवर असेल तेव्हा उणे २१ अंशांपर्यंत. त्याखाली काही चालत नाही. हे झालं प्रयोगशाळेत. रस्त्यावर उणे ९-१० च्या खाली मीठ इतकं सुस्त होतं की टाकलं काय नि न टाकलं काय. उणे १ अंशाला एक किलो मीठ हिशेबाने सेहेचाळीसेक किलो बर्फ वितळवतं, उणे ७ ला जेमतेम आठ-नऊ किलो. म्हणून थंड मुलखात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. महाग पडतं, पण उणे २० लाही काम करतं.

आता झोजिलावर मीठ टाकून बघू. सात मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता, त्यावर फक्त एक मीटर बसलेला बर्फ. म्हणजे ७,००० घनमीटर, साधारण २,१०० टन. तेवढा बर्फ वितळवायला लागणारी उष्णता डिझेलच्या भाषेत मांडली तर एक थेंब वाया न घालवता १९-२० हजार लिटर. दोन टँकर, एका किलोमीटरला, एका मीटर उंचीला. झोजिलाच्या शैतान नाल्यात किंवा बजरी नाल्याजवळ हिमस्खलनाचा ढीग दोन-तीन मजली असतो. आणि हे सगळं वितळवलंसच, तर ते पाणी रात्री उणे २० मध्ये त्याच रस्त्यावर पुन्हा गोठणार. तेव्हा जाड बर्फ ढकलायचा किंवा फेकायचा. मीठ असतं ते रस्त्याला चिकटून राहिलेल्या बोटभर थरासाठी, किंवा बर्फ पडण्याच्या आधी.

हे "आधी" बऱ्याच लोकांना माहीत नसतं. ओंटारिओत तू बघशील, आभाळ निरभ्र, रस्ता कोरडा, आणि त्यावर पांढऱ्या समांतर रेघा मारलेल्या. वादळ येणार म्हणून आदल्या दिवशी २३ टक्क्यांचं खारं पाणी फवारून ठेवतात. समुद्राचं पाणी साडेतीन टक्के. आगरवाड्याच्या मिठागरात मीठ धरायला लागतं ते साधारण २६ टक्क्यांना. म्हणजे मीठ धरायच्या जरा आधीचं पाणी उचललं की झालं. त्याने बर्फ रस्त्याला चिकटत नाही, नुसता वर बसतो, आणि नांगराचं, म्हणजे ट्रकच्या पुढे लावलेलं बर्फ ढकलणारं, पातं फिरलं की सालीसारखा निघतो. चिकटून बसल्यावर सोडवायला जे मीठ लागतं, त्याच्या कितीतरी कमी मिठात काम होतं. कोरडं मीठ टाकायचं असेल तरीही ते पसरणाऱ्या यंत्रावर (स्प्रेडर) आधी भिजवून घेतात, नाहीतर खडे उड्या मारत गटारात जातात. थंडी फार असेल तर काही शहरं त्या पाण्यात बिटाचा रस मिसळतात, म्हणजे साखर कारखान्यातून उरलेला चिकट भाग. विस्कॉन्सिनमध्ये चीज बनवताना उरलेलं खारं पाणी वापरतात. वास येतो का, हे मला अनेकांनी विचारलंय. हो, थोडा येतो.

ओंटारिओत मिठाची चैन का परवडते, याचं उत्तर गोडरिच नावाच्या गावी आहे. ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली पाचशेहून जास्त मीटर खोल मिठाची खाण, जगातली सगळ्यात मोठी भूमिगत मिठाची खाण म्हणतात ती. दारात मीठ, आणि हिवाळ्यात बराच काळ तापमान शून्याच्या आसपास घुटमळणारं. म्हणून तिथे "काळा रस्ता" हे धोरण. मोठ्या महामार्गांवर वादळ थांबल्यापासून ८ तासांत डांबर दिसलं पाहिजे असा दंडक आहे. पण त्याच ओंटारिओच्या उत्तरेला, जिथे दिवसाला मोजून गाड्या जातात, ते रस्ते दाबलेल्या बर्फाचे पांढरेच ठेवतात आणि वर रेती टाकतात. एकाच प्रांतात, एकाच खात्याखाली दोन पद्धती. तुझ्या "एकच चांगली पद्धत"चं इथेच काय ते झालं.

झोजिलाबद्दल आता जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे माझी हाडं झिजली आहेत.

घाट ११,५०० फुटांच्या वर. सुरुवातीला रस्ता दिसतच नाही, डोंगराची एक पांढरी उतरंड दिसते आणि तिच्या पोटात कुठेतरी तुझा रस्ता आहे. जुना माणूस खडकाच्या आकारावरून, आदल्या वर्षीच्या खुणांवरून सांगायचा, आता जीपीएस सांगतं. पहिला डोझर बर्फाच्या माथ्यावर चढतो आणि वरून थर-थर कापत खाली उतरतो. खालून बोगद्यासारखं पोखरायचं नाही, वरचा भाग अंगावर येतो. रस्त्याच्या पातळीजवळ आलं की डोझर थांबवायचा, कारण त्याच्या पट्ट्यांचे दात डांबर उपटतात. शेवटचा वीतभर चाकांच्या यंत्राने. मग येतो स्नो कटर: पुढे फिरणारी पाती, ती बर्फ आत ओढतात, आणि मागचा पंखा धुराड्यातून तो दरीच्या बाजूला फेकतो. हे यंत्र कॅनडातल्या आर्थर सिकार्ड नावाच्या माणसाने १९२५ मध्ये रस्त्यासाठी उभं केलं, मळणीचं यंत्र बघून सुचलं म्हणतात. रेल्वेसाठी तशी कल्पना त्याच्याही आधी १८६९ मध्ये टोरांटोच्या एका दंतवैद्याने मांडली होती. दाताच्या डॉक्टरला रेल्वेवरचा बर्फ पोखरावासा वाटला, यात मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

कटर कोऱ्या बर्फात राजा, पण हिमस्खलनाच्या ढिगात गरीब. आत दगड आला की पात्याचा शिअर बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच असतो, नाहीतर गिअरबॉक्स जाईल. आमच्या खिशात मूठभर शिअर बोल्ट कायम. उणे १५ मध्ये हातमोजे काढून तो बोल्ट बसवणं हे या नोकरीतलं सगळ्यात वाईट काम. म्हणून ढिगात आधी डोझर आणि एक्स्कॅव्हेटर, ओंडके-दगड वेचून काढणारे मजूर (बहुतेक झारखंडच्या दुमका भागातले, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही), आणि मग कटर.

आणि डंप? दरी आहे की, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. माझ्या तिसऱ्या की चौथ्या हंगामात मी एका वळणावर दोन दिवस मन लावून बर्फ दरीत लोटला. संध्याकाळी खालून वायरलेस आला. ज्या दरीत मी लोटत होतो तिच्या तळाशी आमचाच खालचा रस्ता होता, आदल्या आठवड्यात साफ केलेला. माझा सगळा बर्फ घसरत जाऊन तिथे बसला होता, आणि आता तो पिंजलेला कापूस राहिला नव्हता, सिमेंट झाला होता. दीड दिवस गेला. त्यानंतर मी कुठल्याही वळणावर पातं खाली टेकवण्याआधी उतरून कडेपर्यंत चालत जायचो आणि खाली बघायचो. लोक हसायचे.

वेळेचंही तंत्र आहे. पहाटे डोंगर गोठलेला असतो, तेव्हा जोरात काम. ऊन चढलं की उतारावरचा बर्फ सुटायला लागतो, मग यंत्रं मागे. एक माणूस कायम वर डोळे लावून उभा, गळ्यात शिट्टी. तो काहीच करत नाही असं नवख्याला वाटतं. कॅनडातल्या रॉजर्स खिंडीत ४ मार्च १९१० च्या रात्री रेल्वेची माणसं एका हिमस्खलनाचा ढीग उपसत होती, आणि समोरच्या डोंगरावरून दुसरं आलं. ५८ जण गेले. रेल्वेने शेवटी डोंगराखालून बोगदा काढला, १९१६ मध्ये तो सुरू झाला. महामार्ग मात्र आजही त्याच खिंडीतून जातो, आणि तिथे कॅनडाचं लष्कर १०५ मिलिमीटरच्या तोफा डागून बर्फ ठरवलेल्या वेळी, रस्ता रिकामा असताना, खाली पाडतं. आपणही बोगद्याकडेच वळलो. रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा जानेवारी २०२५ मध्ये, आणि झोजिलाखालचा तेरा किलोमीटरच्या वरचा खणला जातोय. तो झाला की माझी सगळी विद्या बाद. होऊ दे.

शहरात दरी नसते. मॉन्ट्रियलला हिवाळ्यात साधारण दोन मीटर बर्फ पडतो आणि रस्ते-पदपथ मिळून सुमारे १०,००० किलोमीटर साफ करायचे असतात. नांगर बर्फ कडेला करतो, ठीक. पण चार वादळांनंतर कडाच रस्त्याइतकी रुंद होते. म्हणून तिथे बर्फ अक्षरशः उचलून नेतात. आधी गल्लीत भोंगा वाजवत गाडी फिरते: गाड्या हलवा, नाहीतर ओढून नेऊ. मग ग्रेडर, म्हणजे पोटाखाली लांब पातं असलेलं यंत्र, मधोमध रास करतो, मागून ब्लोअर, म्हणजे आपला स्नो कटरच, ती रास शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये उडवतो, भरला की पुढचा ट्रक. खाणीवर एक्स्कॅव्हेटरखाली टिपरची रांग लावतो ना, तेच, फक्त चालता-चालता. तो ताल मी तासभर उभा राहून पाहिला आहे, एक ट्रक थांबला नाही. आणि हे ट्रक जातात कुठे? फ्रँकॉन नावाच्या जुन्या दगडाच्या खाणीत. खाणीचा खड्डा, त्यात वरून बर्फ ओततात, आणि ऐन उन्हाळ्यातही तळाशी काळा डोंगर शिल्लक असतो. पूर्वी बर्फ नदीत ढकलायचे. पण त्या बर्फात मीठ, तेल, टायरची पूड, सगळं असतं, म्हणून ते थांबवलं.

मॉस्कोत खाण नाही, पण सांडपाणी आहे. एवढ्या मोठ्या शहराचं सांडपाणी हिवाळ्यातही कोमट असतं, आणि त्याच्या उबेवर बर्फ वितळवणारी केंद्रं त्यांनी उभारली आहेत. बर्फ ट्रकात भरायला त्यांच्याकडे खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन हात असलेलं एक जुनं यंत्र आहे, लोक त्याला "सोनेरी हात" म्हणतात. रेक्याविकमध्ये घरं तापवून परतणारं भूगर्भातलं गरम पाणी पदपथाखालच्या नळ्यांतून फिरवतात, बर्फ टिकतच नाही. फुकटची ऊब असेल तर वितळवणं परवडतं, नसेल तर वर केलेला डिझेलचा हिशेब आठव.

जपानने मला सगळ्यात जास्त चकित केलं. निइगाता भागात समुद्रावरून दमट वारा येतो आणि डोंगराला धडकून बर्फ ओततो. अगदी आपला पश्चिम घाट आणि पावसाळा, फक्त गोठलेला. बर्फ ओला, जड, आणि हवा शून्याच्या जवळपास. तिथल्या नागाओका शहरात १९६१ पासून रस्त्याच्या मधोमध नळी टाकून जमिनीतलं पाणी बारीक कारंज्यांनी उडवतात. जमिनीतलं पाणी बारा महिने १३-१४ अंशांचं, तेवढं पुरतं. बर्फ पडता-पडता विरघळून गटारात. मी तिथे पोचलो तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरलं ते म्हणजे रस्ते लाल होते. तांबडे, गंजलेले. पाण्यात लोह आहे, हवा लागली की गंजतं आणि डांबरावर बसतं. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक झालेला डिचोली-साखळी रस्ता डोळ्यांपुढे आला. त्या पद्धतीचा भुर्दंड म्हणजे पाणी उपसून-उपसून जमीन खचायला लागली, म्हणून पुढे उपशाला आवर घालावा लागला. काही गावांत रस्त्याकडेला वाहत्या पाण्याचे झाकलेले पाट आहेत. ठरलेल्या वेळी पाटाला पाणी सोडतात, लोक झाकण उघडून आपापल्या दारातला बर्फ त्यात लोटतात. वेळापत्रक चुकवलं आणि सगळ्यांनी एकदम लोटला तर पाट तुंबतो आणि खालच्या घरात पाणी. बागायतीतल्या पाटाच्या पाळीवरून होणारी भांडणं ज्याने पाहिली आहेत, त्याला यातलं सगळं न सांगता कळेल.

हीच कारंजी होक्काइदोच्या साप्पोरोत लावली तर रस्त्याची काच होईल, तिथे थंडी कडक. तिथे पुन्हा ट्रक, पुन्हा डंप. बर्फात रस्त्याची कड दिसावी म्हणून तिथे वरून खाली रोखलेले बाण खांबांवर टांगलेले असतात, दूरवर बाणांची रांग दिसते आणि तुझ्या गाडीचं चाक कुठे असावं ते कळतं. नॉर्वेत त्याच कामासाठी शरदातच रस्त्याच्या दोन्ही कडांना काठ्या रोवतात. साधी काठी. मी पाहिलेलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी यंत्र.

नॉर्वे आणि फिनलंडमध्ये कितीतरी रस्ते हिवाळाभर पांढरेच असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उणे २० ला कोरडा, दाबलेला बर्फ खरं तर बरा रस्ता आहे. निसरडा होतो तो शून्याच्या आसपास, वर पाण्याचा पापुद्रा आला की. आपल्याकडे पहिल्या पावसात शेवाळलेल्या पायरीवर पाय जातो तसा. म्हणून ते खडी-रेती टाकतात. नुसती रेती दहा गाड्यांत उडून जाते, तेव्हा नॉर्वेवाल्यांनी उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवलेल्या पाण्यात रेती कालवून टाकायची युक्ती काढली. गरम दाणा बर्फात रुततो आणि तिथेच गोठतो, सँडपेपर तयार. वादळात डोंगरमाथ्यावरचे रस्ते ते लगेच बंद करत नाहीत, जमेल तोवर फाटकाशी गाड्या जमवतात आणि नांगराच्या मागे वारीसारख्या ओळीने पार नेतात. तिथे टायरला खिळे लावायची मुभा आहे, पण ओस्लोत त्यासाठी शुल्क भरावं लागतं, कारण खिळे डांबर खरवडून धूळ करतात. जपानने त्याच धुळीपायी १९९० मध्ये खिळ्यांच्या टायरवर कायद्याने बंदी घातली. लोक सरकारला दोष देतात, पण मला ती बंदी पटते.

मिठाची किंमतही ऐक. पुलांचं लोखंड, काँक्रीटमधल्या सळया, गाड्यांचे पत्रे, विहिरी, रस्त्याकडेची झाडं, सगळ्यांना ते खातं. आपण समुद्राकाठची माणसं, खारा वारा दुचाकीचं काय करतो ते माहीत आहे. तिथे तोच वारा खालून फवारल्यासारखा बसतो. तुझी पहिली जुनी गाडी घेशील तेव्हा वरचा रंग बघू नकोस, खाली वाकून चासी बघ.

आता तुझं काम. लोडर येतो म्हणून तिथे पहिल्या दिवशी नांगर हातात देतील असं समजू नकोस. मोठ्या ट्रकला ओंटारिओत डी वर्गाचं लायसन्स लागतं आणि एअर ब्रेकसाठी वेगळा झेड शेरा, दोन्ही तिथेच परीक्षा देऊन. ही गोष्ट एजंटने सांगितली नसेल तर तो आणखी काय-काय सांगत नाहीये ते शोध. लोडरवर मात्र तुझा हात लगेच कामाला येईल: मॉलची पार्किंगं, मिठाचे ढीग, ट्रक भरणं.

नांगरात आणि डोझरमध्ये फरक वेगाचा. डोझर तू चालीच्या वेगाने चालवलास, हा ट्रक ताशी ४०-५० ने जातो आणि पातं तिरकं असतं, बर्फ उजवीकडे उडतो. पात्याची खालची धार स्प्रिंगवर असते, मॅनहोलचं झाकण लागलं तर ती मागे वळते आणि तू वाचतोस. महामार्गावर तीन-चार नांगर पायऱ्यांसारखे एकामागे एक सरकून चालतात, पुढच्याची रास मागचा उचलतो. तिथे अंतर सोडलंस की मधून एखादी घाईतली मोटार घुसते. निळे दिवे लुकलुकत असतात तरी घुसते. आणि गावातल्या रस्त्यावर तुझ्या पात्याने प्रत्येकाच्या फाटकासमोर शेताच्या मेरेसारखा बर्फाचा बांध तयार होणार. त्याने नुकतंच अर्धा तास खपून दार मोकळं केलेलं असतं. तो तुला शिव्या देईल, मराठीत नसतील एवढंच समाधान.

हवेचं तापमान सांगणाऱ्यावर विसंबू नकोस, ट्रकवर रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा सेन्सर असतो, तो बघ. हवा +२ असताना पूल उणे असू शकतो, कारण त्याच्या खालूनही वारा जातो. डिझेल थंडीत मेणचट होतं. लडाखसाठी २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आलं, त्याआधी आम्ही टाकीखाली शेकोटी पेटवायचो. तिथे ते करू नकोस, नोकरी जाईल.

ऑक्टोबरात पोचलास तर पहिल्या बर्फाआधी आपला मार्ग पायी चालून ये. मॅनहोल, कडेचे दगड, अग्निशामकाचे नळ, जिथे पाणी साचतं त्या जागा, गटारांची तोंडं. वहीत लिही, नळाजवळ काठी रोव. मेअखेरीस गटारं उपसली नाहीत तर जूनमध्ये काय होतं हे गोव्याच्या माणसाला सांगायला नको. तिथे तोच जून मार्चमध्ये येतो, सगळा बर्फ एकदम सुटतो तेव्हा.

आणि फोरमनला पहिल्याच दिवशी विचार की माझ्या मार्गावरचा बर्फ जाणार कुठे. मी शिकवलेल्या नवख्यांत हा प्रश्न आपणहून विचारणारे मला दोनच भेटले. त्यातला एक उत्तर स्वीडनमधल्या लोखंडाच्या खाणीतून आलेला होता. दुसरा झारखंडचा, बावीस वर्षांचा, झोजिलावर पहिलाच हंगाम. त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं. तो पातं टेकवण्याआधी उतरला आणि कडेपर्यंत चालत जाऊन खाली बघून आला.